घासलेट, कूलर आणि ‘मागणी’

मराठवाड्यातील विजेचा इतिहास प्रामुख्याने धरणे, औष्णिक केंद्रे आणि कृषिपंप यांच्या अंगाने सांगितला जातो. घरातला दिवा त्यात फारसा येत नाही. वैजापूरकडे पाहताना ही उणीव आम्हांस विशेष जाणवते.

१९४८ पर्यंत वैजापूर निजामाच्या राज्यात होते. ते राज्य कोळशाचे धनी. सिंगरेणीच्या खाणी तेलंगणात, आणि हुसेनसागरच्या काठी १९२० मध्ये वीजकेंद्र उभे राहिले ते राजधानीत. पश्चिम टोकाच्या मराठी मुलखात उजेड म्हणजे घासलेट. ‘गॅसलाइट’चे हे देशी रूप मुंबई बंदरात अमेरिका, बाकू आणि पुढे ब्रह्मदेशातून उतरणाऱ्या तेलाचे. मनमाड-हैदराबाद लोहमार्गावरील रोटेगाव स्थानकाने वैजापूर त्या बंदराच्या जवळ आणले. ज्या तेलाच्या उजेडात खेड्यापाड्यांतले वाचन होई, त्याचेच नाव हिणकस लेखनाला शिवी म्हणून मिळावे, ही गंमतच म्हणायची!

२० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. १९७१ मध्ये परळीचा पहिला संच सुरू झाला. खेड्यांत तारा आल्या त्या मोठ्या प्रमाणावर विहिरींवरील पंपांसाठी. घरातला बल्ब त्याच वाहिनीवर आश्रिताप्रमाणे जगे. शेतीचा पुरवठा थांबला की तोही विझे. गावठाणाची वाहिनी शेतीपासून वेगळी काढण्याचे काम २००५ नंतर जोर धरू लागले.

‘मागणी’ या शब्दाची आम्हांस शंका येते ती येथे. भारनियमनाच्या काळात वीजगळती आणि वसुली यांच्या प्रतवारीनुसार गावे अंधारात ठेवली गेली. डिसेंबर २०१२ मध्ये राज्य भारनियमनमुक्त झाल्याचे सांगितले गेले, तेव्हाही जास्त गळतीच्या वाहिन्या त्यातून वगळलेल्या होत्या. मीटर फिरलेच नाही, तर गरज नोंदली कशी जाणार? जी नोंदलीच गेली नाही, ती कागदावर अल्प ठरते. म्हणून घरगुती वापराचा चढता आलेख हा पुष्कळ अंशी दडपलेल्या गरजेचे उशिरा झालेले प्रकटीकरण आहे, चैनीचा पुरावा नव्हे, असे आमचे मत आहे.

तेल निर्यात करणाऱ्या सौदी अरेबियाची कहाणी उलट टोकाची. तेथे स्वस्त विजेवर घरे थंड ठेवण्याची सवय लागली. उन्हाळ्यात वीजकेंद्रांत कच्चे तेलच जाळले जाऊ लागले आणि विकायचे तेल घरातच खर्ची पडू लागले. अखेर २०१६ व २०१८ मध्ये दर वाढवावे लागले. तेथे मागणी दराने फुगवली, येथे पुरवठ्याने कोंडली. दोन्हीकडे ती शासनाने घडवलेली.

वैजापूरच्या कोरड्या उन्हाळ्याला कूलर मानवतो. पण त्यास विजेइतकेच पाणी लागते, आणि हा तालुका पर्जन्यछायेतला. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी परळीचे केंद्रच बंद करावे लागले होते. त्याच दुष्काळात मराठवाड्यातील गावोगावी टँकर फिरत होते. कूलरची टाकी भरावी की पिण्याचा हंडा, हा प्रश्न घरातल्या बाईपुढे वीजबिलाच्या आधी उभा राहतो. मग बिल येते. शंभर युनिटांपुढचा दर वरच्या टप्प्याचा. त्यामुळे मे महिन्यात कूलर दुपारी म्हाताऱ्या माणसांपुरता लावायचा आणि रात्री अंगणात निजायचे, असा हिशोब अनेक घरांत चालतो. मीटरच्या आकड्यांत हा हिशोब कोठेच उमटत नाही.