बंदुकीचे झाड

वरणगावात नुसते ‘फॅक्टरी’ म्हटले की ऐकणाऱ्याला कळते. चीनच्या युद्धानंतरच्या काळात इथे आयुधनिर्माणी उभी राहिली आणि भुसावळ तालुक्यातल्या या गावाचे नाव सैन्याच्या कागदपत्रांत गेले. इथे रायफलींची काडतुसे बनतात, ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटरची. पाटीवरचा ‘आयुधनिर्माणी’ हा शब्द पुरता संस्कृत आहे. पण या कारखान्याच्या मालाविषयी बोलू लागले की तोंडात येतात ते शब्द दूरदेशीचे: काडतूस पोर्तुगिजांकडून आलेले, तोफ तुर्की, दारू फारसी, बंदूक अरबी. यांत बंदुकीचे कूळ मला फार मोहवते, कारण ते एका झाडापर्यंत जाते.

काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्याला ग्रीक लोक पोंटस म्हणत. तिथल्या डोंगरउतारांवर एक कठीण कवचाचे, बोराएवढे फळ येते. ग्रीकांनी त्याला ‘पोंटिकॉन’, म्हणजे पोंटसचे फळ, असे नाव दिले. ते नाव इराणमार्गे अरबीत पोचले. अरबीत ‘प’ नाही. तिथे त्याचा कधी ‘ब’ होतो, कधी ‘फ’. म्हणून त्या फळाला कुणी ‘बुंदुक’ म्हणाले, कुणी ‘फुंदुक’. तुर्क आजही त्याला ‘फंदिक’ म्हणतात आणि जगातले सर्वांत मोठे पीक त्यांच्याच ओर्दू, गिरेसून या किनारी प्रांतांच्या भागात निघते. ‘ओर्दू’ म्हणजे तुर्कीत सैन्य, छावणी. आपल्याकडचा ‘उर्दू’ हा शब्द तोच.

फळ गोल, कठीण, चिमटीत मावणारे. त्यामुळे तसल्याच आकाराच्या मातीच्या गोळीलाही अरबीत बुंदुक म्हणू लागले. अशा गोळ्या मारायचे खास धनुष्य असे. दोरीच्या मध्यावर छोटी झोळी, तिच्यात गोळी. आपली गलोल त्याच घराण्यातली, आणि पिकावरची पाखरे उठवायला गोफणीत गोटा घालणाऱ्याला ही युक्ती समजावून सांगायची गरज नाही. १२६० साली इजिप्तचा सुलतान झालेला बैबर्स हा किपचाक तुर्क ‘अल्-बुंदुकदारी’ या बिरुदाने ओळखला जाई. त्याचा पहिला धनी गोळ्यांच्या धनुष्याचा मानकरी, म्हणजे बुंदुकदार होता. त्याच्यावरून हे बिरुद. हातातल्या बंदुका अजून यायच्या होत्या, बंदूकदार मात्र दरबारात होता! अरबीत व्हेनिस शहराला ‘अल्-बुंदुकिया’ म्हणतात, म्हणून बंदूक व्हेनिसची, असेही सांगितले जाते. बैबर्सच्या बिरुदाकडे पाहिले की मला ती गोष्ट पटत नाही. मातीची गोळी आधीची आहे. पुढे शिशाची गोळी आली, तिलाही तेच नाव मिळाले, आणि गोळीचे नाव नळीला चिकटले. तीच बंदूक मराठीत आली, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्वाहिलीत ‘बुंदुकी’ झाली.

बंदुकीसाठी तुर्कांचा स्वतःचा शब्द वेगळा. अकराव्या शतकात महमूद अल्-काश्गरीने तुर्की बोलींचा कोश रचला. त्यात ‘तुवेक’ आहे: ओल्या फांदीची साल सोलून केलेली नळी, चिमण्यांवर गोळ्या फुंकायची. त्याचे पुढे ‘तुफेक’ झाले, फारसीत ‘तुफंग’, तेलुगूत ‘तुपाकि’, तमिळमध्ये ‘तुप्पाक्कि’ आणि आपल्या बखरींत ‘तुबक’. बस्तरच्या गोंचा उत्सवात जगन्नाथाला सलामी देतात ती बांबूच्या ‘तुपकी’ने, आणि तिच्यात गोळी म्हणून घालतात पेंगू नावाचे रानफळ. नळी पुन्हा झाडाची झाली, गोळीही झाडाची.

तोफेचेही तसेच. तुर्कीत ‘तोप’ म्हणजे गोळा, चेंडू. फुटबॉलच्या चेंडूलाही तिथे तोपच म्हणतात. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि ओतणाऱ्याच्या नावात ‘रूमी’ आहे, म्हणजे तुर्कांच्या मुलखातला. माणसे, धातू ओतायची विद्या आणि शब्द अशी एकाच वाटेने दख्खनेत आली.

दारूची गोष्ट याहून नाजूक. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. आपल्या ‘दवादारू’त तो अर्थ अजून शाबूत आहे. चिनी भाषेत बंदुकीच्या दारूला ‘आगीचे औषध’ अशाच अर्थाचा शब्द आहे. आणि आपली ‘गोळी’? ती वैद्याकडेही मिळते.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, त्यात शस्त्रांचा स्वतंत्र वर्ग आहे. फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा तो मोठा, मनापासूनचा उद्योग होता आणि त्यातून स्वराज्याच्या कारभाराला स्वतःची भाषा मिळाली. बंदूक मात्र बंदूकच राहिली. बारगिराच्या, गोलंदाजाच्या, शेतकऱ्याच्या तोंडात ती एव्हाना इतकी रुळली होती की तिला परकी म्हणणेच अवघड झाले होते.

ते फळ मात्र खानदेशात कधी पिकले नाही. इथल्या काळ्या जमिनीत केळी, कापूस, ज्वारी. नाव आले, झाड आले नाही. आता ते फळ येते चॉकलेटच्या वेष्टनात, ‘हेझलनट’ होऊन. वरणगावच्या दुकानातही ती वडी मिळेल, आणि दाताखाली तो दाणा कडकन फुटताना आपण बंदूक खातो आहोत हे कुणाच्या ध्यानीमनीही नसेल.