खांद्याचे पाते : एका हाडाच्या वाचनाचा इतिहास

पेणहून रोह्याकडे जाताना लागणारा कासूचा परिसर भातशेतीचा आहे. अशा मुलखात खांदा हा निव्वळ शरीरशास्त्राचा विषय राहत नाही. बैलाचा खांदा जुवाखाली राबला आणि माणसाचा कावडीखाली. भाषेनेही त्याची नोंद ठेवली आहे. खांद्यामागच्या त्रिकोणी, चपट्या हाडाला जनावरांच्या बाबतीत 'फरा' म्हणतात आणि तेथे सूज आणणाऱ्या गुरांच्या रोगाला 'फऱ्या'. माणसाच्या संदर्भात आपण 'खांद्याचे पाते' म्हणतो. शास्त्रीय परिभाषेतला 'अंसफलक' हा शब्द तर सुश्रुतसंहितेतल्या मर्मांच्या यादीतच सापडतो.

या हाडाविषयी पहिली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ते सर्व माणसांत सारखे नसते. त्याच्या वरच्या कडेला एक खाच असते आणि तिच्यातून एक मज्जातंतू जातो. ही खाच कोणात उथळ, कोणात खोल, तर कोणात जवळजवळ नसतेच. काहींमध्ये तिच्यावरील अस्थिबंधाचेच हाड होते आणि खाचेचे बंद छिद्र बनते. पात्याच्या टोकाशी असलेला अंसकूट कोणाचा सपाट, कोणाचा वाकडा, तर कोणाचा आकड्यासारखा असतो. पौगंडावस्थेत त्याचे तुकडे स्वतंत्रपणे घडतात आणि साधारणतः पंचविशीपर्यंत एकजीव होतात. काही माणसांत मात्र एखादा तुकडा आयुष्यभर सुटाच राहतो. क्ष-किरणचित्रात तो पाहून हाड मोडल्याचा गैरसमज होऊ शकतो. भिन्नता आणि इजा यांतील फरक ओळखण्याची कसोटी येथूनच सुरू होते.

परंतु वैद्यकाबाहेर याहून गंभीर गैरवाचन घडले आहे. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ पॉल ब्रोका याने १८७८ साली अंसफलकाची रुंदी आणि लांबी यांच्या गुणोत्तराचा निर्देशांक मांडला. माणसे, वानरे आणि इतर सस्तन प्राणी यांची त्याने या आकड्यावरून तुलना केली, आणि मानववंशांची क्रमवारी लावण्याच्या त्या काळच्या खटाटोपात एका हाडाचे मोजमाप जाऊन बसले. पुढे १९१० साली अमेरिकन वैद्य विल्यम ग्रेव्हज याने पात्याची पाठीच्या कण्याकडील कड आत वळलेली असण्याला आनुवंशिक दोषाशी जोडले. दोघांचीही मोजपट्टी खोटी नव्हती. हाडात दिसणारा फरक खरा होता. त्याला चिकटवलेला अर्थ मात्र मोजणाऱ्याच्या मनात आधीच तयार होता.

या इतिहासाशी मराठी वाचकाचे नाते एका परिचित नावाने जुळते. 'युगान्त'मुळे आपण इरावती कर्वे यांना ओळखतो. पण १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या त्या मानवशास्त्राच्या अभ्यासासाठी. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे पुरस्कर्ते होते. युरोपीय कवट्यांत असमानता अधिक असते आणि तिचा संबंध बुद्धीच्या श्रेष्ठतेशी आहे, अशी त्यांची धारणा होती. कर्वे यांनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता आढळली, पण तिचा वंशाशी संबंध आढळला नाही. आणि त्यांनी प्रबंधात तसेच लिहिले. विषय खांद्याचा नसून कवटीचा होता, तरी प्रश्न तोच होता : शरीरातल्या भिन्नतेला अर्थ कोणी आणि कशाच्या आधारावर द्यायचा? फिशर १९३३ साली, नाझी राजवटीत, बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निष्कर्षाचे मोल कळते.

अर्थात कर्वे यांना निर्दोष ठरवून थांबणे योग्य होणार नाही. मायदेशी परतल्यावर त्यांनी महाराष्ट्रातील जातिसमूहांची शरीरमापने घेतली आणि मोजणीचा घटक म्हणून जात स्वीकारली. वर्णाने एक समजल्या जाणाऱ्या समूहांतही शारीरिक भेद असतात, हे त्या मापनांतून दाखवून एका रूढ समजाला त्यांनी धक्का दिला. तथापि, आधी समूह ठरवायचे आणि मग मापे घ्यायची, ही चौकट त्यांच्या कामातही टिकून राहिली. आमच्या मते त्यांचे बर्लिनमधले धैर्य आणि ही मर्यादा यांचा विचार एकत्रच व्हायला हवा.

आज हाडांतील भिन्नतेत श्रमाच्या खुणा शोधल्या जातात. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ १५४५ साली बुडालेल्या 'मेरी रोज' या युद्धनौकेवरील सांगाड्यांत सुटा अंसकूट नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्रमाणात आढळला. लहानपणापासून जड धनुष्य ओढण्याच्या सरावाने तो जुळला नसावा, असा तर्क अभ्यासकांनी केला. तर्क मोहक आहे. पण असा तुकडा आनुवंशिकतेनेही सुटा राहू शकतो. म्हणून एकट्या हाडावरून कोणाला धनुर्धर ठरवता येत नाही.

हाच संयम कासूच्या शिवारातही पाळावा लागेल. कावड वाहणाऱ्याचा एक खांदा उतरता दिसला, तर ते कष्टाचे लक्षण असेल किंवा जन्मापासूनची ठेवण. त्याला विचारल्यावाचून, त्याच्या दिनक्रमाची माहिती घेतल्यावाचून ते सांगता येणार नाही. साहित्याचे विद्यार्थी संहितेत आपल्याला हवा तो अर्थ घुसवू नये, हे शिकतात. शरीराच्या वाचनात तीच चूक झाली तेव्हा तिची किंमत माणसांनी मोजली आहे.