गिरार की गिरड?

वर्धा जिल्ह्यातील गिरड आपल्याला शेख फरीदबाबांच्या दर्ग्यामुळे परिचित आहे. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरात मात्र गावाचे नाव 'गिरार' छापले आहे. मग संगणकावर 'गिरड' शोधणाऱ्याला ती जुनी माहिती कशी मिळावी?

ग्रंथपालांपुढे हाच प्रश्न होता. १८७६ साली चार्ल्स कटर यांनी नियम घालून दिले : लेखक, शीर्षक वा विषय यांपैकी एक ठाऊक असले तरी ग्रंथ सापडावा. त्यासाठी एकच नाव प्रमाण मानायचे व पर्यायी नावापुढे 'पहा' लिहायचे.

१९९५ मध्ये अमेरिकेतील डब्लिन गावी वेबवरील साधनांच्या नोंदीसाठी कर्ता, शीर्षक, विषय, दिनांक असे मोजके घटक ठरले. पुढे ते पंधरा झाले. परंतु रकाने आखल्याने नावे जुळत नाहीत. 'गिरार : गिरड पहा' हे जाणकारालाच लिहावे लागते. आपल्या गावाची अशी नोंद विद्यार्थ्यांकडून करवून घ्याल?