चांभारी हिरडा

चेन्नई शहराच्या दक्षिण भागात क्रोमपेट नावाची वस्ती आहे. त्यातील ‘पेट’ हा शब्द तमिळ. ‘क्रोम’ मात्र एका धातूचे नाव. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावणारा कारखाना उभा राहिला आणि वस्तीला त्याचे नाव चिकटले. परंतु मद्रासी कातड्याची कीर्ती क्रोमच्या पूर्वीची आहे, आणि तिचा एक धागा थेट आपल्या सह्याद्रीतील एका तुरट फळाशी येऊन पोहोचतो.

ते फळ हिरड्याचे. मराठी माणसाने या एकाच झाडाच्या फळाला वयानुसार निरनिराळी नावे दिली आहेत. आठळी धरण्यापूर्वीचा कोवळा तो बाळहिरडा, अर्धवट पिकलेला तो चांभारी हिरडा आणि पूर्ण पिकलेला, वजनदार तो सुरवारी हिरडा. पहिला आणि तिसरा वैद्याच्या बटव्यातले. मधला मात्र कातडे कमावणाऱ्याचा, आणि नाव देणाऱ्यांनी ते सरळ सांगून टाकले आहे.

असे का व्हावे? फळ कच्चे असताना आतले बी अजून तयार झालेले नसते. अशा वेळी कोणी ते खाऊ नये, म्हणून झाड त्यात टॅनिन नावाची तुरट द्रव्ये साठवते. ही द्रव्ये लाळेतील प्रथिनांना धरतात व जीभ आकसते. पुढे फळ पिकू लागले की तुरटपणाचा जोर ओसरतो. भूमध्य समुद्राकाठच्या कॅरोब नावाच्या झाडाच्या शेंगा अशाच. हिरव्या असताना तोंडात धरवत नाहीत, पिकून तपकिरी झाल्या की गुळासारख्या गोड लागतात. जी द्रव्ये लाळेतील प्रथिनांना धरतात तीच कातड्यातील प्रथिनांनाही धरतात, आणि कुजणारे कातडे टिकाऊ चामडे होते. याच कुळातील द्रव्यांना आज प्रतिऑक्सिडीकारक म्हणून मान मिळतो. प्राणवायूचा मारा ती स्वतःवर घेतात व शेजारच्या पदार्थाला वाचवितात.

मद्रासकडे कातडे कमावीत ते मुख्यतः तरवडाच्या सालीने. तमिळमध्ये या पिवळ्या फुलांच्या झुडपाला आवारम म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास चार्ल्स डी सूझा नावाच्या गृहस्थाने ही रीत सुधारून व्यापारी पायावर आणली, असे सांगतात. हे अर्धे कमावलेले कातडे लंडनच्या बाजारात ‘ईस्ट इंडिया’ या नावाने विकले जाई. ते मऊ असे, उजळ असे; पण त्यात एक खोड होती. उजेडात व हवेत राहिले की ते लालसर पडे. तरवडातील टॅनिनच तसे. यावर उपाय ठरला तो हिरडा. तरवडातून काढलेले कातडे शेवटी हिरड्याच्या पाण्यात बुडवीत. हिरड्याचे टॅनिन निराळ्या घराण्यातले आहे. ते उजेडाने तांबडे होत नाही. शिवाय त्यातून सुटणारे एलॅजिक आम्ल कातड्यावर फिकट थर धरते. अशा रीतीने चामड्याचा रंग राखला जाई.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. डी सूझाचे नाव इतिहासात राहिले. हिरडा कोणत्या अवस्थेत उतरवावा, हे ज्यांनी प्रथम हेरले त्यांचे नाव कोठेच नाही. त्यांचा स्पर्श समाजाने विटाळ मानला, त्यांनी घडविलेली पायताणे मात्र पायात घातली. त्यांच्या ज्ञानाची नोंद झाली ती केवळ एका फळाच्या नावात, आणि तीही बहुधा नकळत.

पुढे आल्फ्रेड चॅटर्टन या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासला क्रोमच्या पद्धतीचे प्रयोग केले. महिनाभर चालणारे काम क्रोमने थोड्या दिवसांत उरकू लागले. आफ्रिकेतील वॅटल झाडाच्या सालीनेही तरवडाची जागा घेतली. १९४८ साली अड्यार येथे केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्थापन झाली आणि चांभाराच्या कुंडातले प्रश्न रसायनशास्त्रज्ञाच्या मेजावर आले. १९७० नंतरच्या दशकात सरकारने अर्धवट कमावलेल्या कातड्याच्या निर्यातीवर बंधने घातली, तेव्हा जुन्या धंद्याचा पाया आणखी खचला.

क्रोमचा हिशेबही नंतर चुकवावा लागला. वेल्लोर भागातील कारखान्यांच्या सांडपाण्याने विहिरी व शेते नासली, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी, असा निर्णय दिला. त्याच वर्षी मद्रासचे चेन्नई झाले. वनस्पतींनी कमावण्याची रीतही सर्वस्वी निर्दोष नव्हे. तिचे काळे पाणीही नदीला सोसवत नाही. तरी तिच्यात क्रोम नाही, म्हणून तिची चौकशी पुन्हा होऊ लागली आहे. तमिळनाडूच्या ‘ईस्ट इंडिया’ चामड्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

आमच्याकडे जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबे आजही हिरडा गोळा करतात, उन्हात वाळवितात व पोती भरून विकतात. वर्षाच्या कमाईत त्याचा वाटा मोठा असतो. मात्र मागणी मुख्यत्वे औषधासाठी असते, आणि व्यापारी विचारतो तो बाळहिरडा.