धनाचा मोह आणि क्रूसाचा धीर
(वसईकर संत गोन्सालो गार्सिया यांचे पुण्यस्मरण)



महोत्सव आला म्हणजे देवालयास रंग दिला जातो, मंडप उभारतात, वर्गणीच्या वह्या घरोघर फिरतात आणि जुन्या पिढीच्या आठवणी निघतात. हे सर्व उचितच आहे. परंतु ज्या शब्दाने आपण हा सोहळा ओळखतो, त्या ‘ज्युबिली’ या शब्दाकडे क्षणभर पाहिले पाहिजे. इब्री भाषेत मेंढ्याच्या शिंगास ‘योबेल’ म्हणत. जुन्या करारातील लेवीय ग्रंथाच्या २५व्या अध्यायात परमेश्वराची आज्ञा आहे की, दर ५०व्या वर्षी हे शिंग फुंकावे. गरिबीमुळे विकली गेलेली जमीन मूळ कुळास परत मिळावी आणि दारिद्र्यापायी दास झालेल्या मनुष्यास मोकळे करावे. म्हणजे ज्युबिली हा आरंभी केवळ आनंदाचा सण नव्हता. वाढलेल्या धनास आवर घालण्याचा आणि साचलेला अन्याय धुऊन काढण्याचा तो दिवस होता. तेव्हा आपल्या या स्मरणिकेत धन आणि धीर या दोन गोष्टींचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रभू येशू ख्रिस्ताने धनाविषयी जितके कठोर शब्द उच्चारले, तितके क्वचितच दुसऱ्या विषयी उच्चारले असतील. सर्व आज्ञा पाळणारा तो श्रीमंत तरुण एकाच गोष्टीपाशी अडला व खिन्न होऊन निघून गेला. दाराशी पडलेल्या लाजरसास धनिकाने मारले नव्हते, लुटलेही नव्हते. त्याने त्याच्याकडे पाहिले नाही, एवढाच त्याचा अपराध. संत याकोब तर आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात धनवानांस स्पष्ट बजावतात की, कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानी ओरडत आहे. आणि लागलीच, त्याच अध्यायात, गांजलेल्यांना ते धीर धरावयास सांगतात व दाखला देतात तो पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचा.

येथेच पुष्कळांची गफलत होते. कोणी म्हणतात, ‘धीर धरा’ हा उपदेश गरिबाने निमूट सोसावे व श्रीमंताने सुखाने झोपावे म्हणून केलेला आहे. हे खरे आहे काय? या प्रश्नाचे उत्तर केवळ शब्दांनी देण्यापेक्षा आपल्याच महाराष्ट्रभूमीत जन्मलेल्या, मराठी मुलखातून जगाच्या टोकास गेलेल्या एका पुण्यपुरुषाच्या चरित्रातून घेणे बरे.

सोळाव्या शतकातील वसई हे वैभवाचे ठिकाण होते. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून ती पोर्तुगीजांच्या हाती आली आणि थोड्याच काळात तेथे भक्कम कोट, वाडे, मठ व देवालये उभी राहिली. त्या वसईत १५५६ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. त्यांचे वडील पोर्तुगीज व आई येथील देशी, असे चरित्रकार सांगतात. बालपणी येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याच धर्मगुरूंसमवेत ते जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की, धर्मोपदेशक म्हणून आठएक वर्षे त्यांनी मिशनची सेवा केली. येशूसंघात आपणास घ्यावे ही त्यांची मनीषा होती. ती मात्र पूर्ण झाली नाही.

धीराची ही त्यांची पहिली परीक्षा. मनुष्याचा स्वभाव असा की, देवाच्या दारी नकार मिळाला तर तो देवावरच रुसतो. गोन्सालो रुसले नाहीत. ते उदरनिर्वाहासाठी व्यापारात पडले. अंगी सचोटी, मुखी जपानी भाषा, आणि मकाव, मनिला, जपान यांचा व्यापार त्या काळी भरभराटीचा. त्यांचा धंदा वाढला, पूर्वेकडील बंदरांत त्यांचे नाव झाले. आता सुखाने राहावे, वाडा बांधावा, असा तो काळ होता. परंतु मनिला येथे त्यांनी सर्व व्यापार सोडला आणि संत फ्रान्सिस असिसीकरांच्या संघात, धर्मगुरूची दीक्षा न घेता, साधे बंधू म्हणून प्रवेश केला.

हा संघ कोणाचा, हे ध्यानात घ्या. संत फ्रान्सिस हे स्वतः कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचे पुत्र. बापाच्या दुकानातील तलम वस्त्रे टाकून त्यांनी जाडीभरडी कफनी स्वीकारली होती. चार शतके लोटल्यावर एका वसईकर व्यापाऱ्याने तीच वाट धरली. गोन्सालो यांचे धन अन्यायाचे नव्हते. ते कष्टाचे होते. तरीही त्यांनी ते खाली ठेवले, कारण प्रामाणिक धनसुद्धा हात भरून ठेवते, आणि भरलेल्या हाताने दुसऱ्याचा हात धरता येत नाही.

१५९३ साली फिलिपाइन्सच्या गव्हर्नराने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे धाडले; दुभाषी म्हणून बंधू गोन्सालो बरोबर गेले. ज्याने १५८७ साली मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, त्याच बलाढ्य पुरुषासमोर उभे राहून या वसईकराने आपल्या वरिष्ठांचे म्हणणे निर्भयपणे मांडले. हिदेयोशीने त्यांस राहण्याची मुभा दिली व क्योतो येथे जागा दिली. तेथे फ्रान्सिस्कन बंधूंनी देवालय बांधले आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालविली. लाजरसाकडे न पाहणाऱ्या धनिकाची कथा ज्याने खरोखर ऐकली, तो शेवटी लाजरसाच्याच उशाशी जाऊन बसतो.

यापुढील प्रकरण शोकाचे आहे, आणि त्याचे मूळही धनातच आहे. १५९६ च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ नावाचे स्पॅनिश गलबत मनिलाहून मेक्सिकोकडे जात असता वादळात सापडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागले. ते रेशमाने व मौल्यवान मालाने खच्चून भरले होते. हिदेयोशीने तो सर्व माल जप्त केला. माल परत मिळावा म्हणून गलबतावरील लोकांनी क्योतोकडे धाव घेतली व फ्रान्सिस्कन बंधूंनी त्यांच्यासाठी रदबदली केली. परंतु हाती आलेले घबाड कोण सोडतो? गलबतावरील एका सुकाणूवाल्याने आपल्या राजाच्या सामर्थ्याची फुशारकी मारली आणि मिशनरी हे स्वारीचे अग्रदूत होत असा संशय बळावला, अशीही हकीकत सांगतात. इतिहासकारांत याविषयी वाद आहे. निष्पन्न मात्र एकच झाले: माल ज्यांचा नव्हता, ज्यांच्या कफनीला खिसाही नव्हता, त्यांना मरणाची शिक्षा फर्मावण्यात आली.

१५९७ च्या जानेवारीच्या आरंभी क्योतो येथे चोवीस कैद्यांच्या डाव्या कानाचा लचका तोडण्यात आला. गाड्यांत बसवून त्यांची धिंड काढली गेली. मग ऐन थंडीत महिनाभर, सुमारे ८०० किलोमीटर, त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. वाटेत त्यांची सेवा करणारे आणखी दोघे त्यांत सामील केले गेले व संख्या सव्वीस झाली: सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा जपानी श्रावक. त्यांत बारा वर्षांचा लुईस इबाराकी होता. चौदा वर्षांचा थॉमस कोझाकी आपल्या पित्यासह चालत होता. वाटेत त्याने आईस पत्र लिहिले की, जगातील वस्तू स्वप्नासारख्या विरून जातात, तेव्हा दारिद्र्य आले तरी स्वर्ग हातचा जाऊ देऊ नकोस. धनाविषयीचा केवढा हा उपदेश, आणि तो मुलाने मातेस केलेला!

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर या सव्विसांना क्रूसांवर बांधून भाल्यांनी विंधण्यात आले. बंधू गोन्सालो तेव्हा चाळिशीचे होते. क्रूसावरून पॉल मिकी यांनी उपदेश केला आणि मारणाऱ्यांना व राज्यकर्त्याला क्षमा केली. जेथून शाप निघावयाचा तेथून क्षमा निघाली. धीर म्हणतात तो हा.

पोप आठवे अर्बन यांच्या काळी, १६२७ साली, या रक्तसाक्षींना धन्य म्हणून मान मिळाला आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. भारतात जन्मलेले गोन्सालो हे पहिले संत. आणि त्या धनाचे काय झाले? हिदेयोशी १५९८ साली वारला व १६१५ साली ओसाकाच्या किल्ल्याबरोबर त्याचे घराणे लयास गेले. वसईचे वैभवही १७३९ साली, चिमाजी अप्पांनी कोट घेतला तेव्हा, संपले. तेथील वाड्यांच्या मालकांची नावे आज कोणास ठाऊक आहेत? परंतु त्या कोटात आजही संत गोन्सालो यांच्या नावाचे देवालय आहे व तेथे दिवे लागतात.

जपान दूर वाटेल. परंतु पुणे धर्मप्रांताचाही त्या देशाशी संबंध आहे. १९०३ साली ‘निरोप्या’ मासिक सुरू करणारे हेन्री डोरिंग हे १९०७ साली पुण्याचे बिशप झाले, १९२१ साली हिरोशिमाच्या मिशनकडे पाठविले गेले आणि पुढे पुन्हा पुण्यास आले.

आता आपल्या हातकणंगल्याकडे वळू. आपला तालुका कष्टाचा, तसाच संपत्तीचाही आहे. इचलकरंजीत मागांचा खडखडाट, हुपरीत चांदीची घडणावळ, शिवारात ऊस. कुंभोजजवळच्या टेकडीवर बाहुबलीची उंच मूर्ती उभी आहे. जिंकलेले राज्य सोडून देणाऱ्या त्या पुरुषाची कथा आपले जैन शेजारी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. म्हणजे त्यागाची महती या मातीस नवी नाही. हुपरीच्या कारागिरास विचारा: चांदीचा कस मुशीत घातल्यावाचून कळत नाही. धनवानाची मूस म्हणजे त्याचे धन, आणि गांजलेल्याची मूस म्हणजे त्याचा धीर.

परंतु हे दोन उपदेश ज्याचे त्यानेच घ्यावयाचे आहेत. मालकाने मजुरास ‘धीर धर’ म्हणू नये. त्याच्यासाठी याकोबाचा दुसरा शब्द आहे, तो अडकवून ठेवलेल्या मजुरीचा. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकात हेच सांगितले की, कामकऱ्याच्या निर्वाहास पुरेल असे वेतन हा त्याचा हक्क आहे. त्याच्या अडचणीचा फायदा घेऊन कमी देणे हा अन्याय होय. धीर हा सोसणाऱ्याचा सद्गुण आहे. अन्याय करणाराची ती सवलत नव्हे.

आणि सोसणाऱ्याचा धीर तरी कसा? आपला शेतकरी मृगाची वाट पाहतो, पण हात जोडून बांधावर बसत नाही. तो नांगरतो, कुळवतो, बी निवडून ठेवतो. बंधू गोन्सालो नकार मिळाल्यावर रुसून बसले नाहीत, सत्ताधीशापुढे मुके राहिले नाहीत, त्यांच्या बंधूंनी लुटलेल्यांची बाजू घेतली. फक्त शेवटी, जेव्हा करण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा त्यांनी द्वेष केला नाही. हक्क मागावा, खरे बोलावे, शेजाऱ्याच्या न्यायासाठी झटावे. परंतु सूडाचे विष मनी साठवू नये. ख्रिस्ती धीर तो हाच.

या महोत्सवी वर्षी आपल्यापैकी कोणाकडे कोणाची मजुरी थकली असेल, भावाची वाटणी अडली असेल, गरिबाच्या गळ्यात कर्जाचा फास असेल, तर तो आधी सोडवावा. देवालयाच्या रंगापेक्षा तो रंग देवास अधिक प्रिय आहे. असे एखाद्या घरी जरी घडले, तरी मेंढ्याचे ते शिंग आपल्या गावात खरोखर फुंकले गेले असे म्हणता येईल. वसईच्या मातीतून उगवलेले संत गोन्सालो आपणांसाठी विनंती करोत, आणि प्रभू येशू आपणांस धनात नम्रता व दुःखात धैर्य देवो. आमेन.