आठवणे आणि ओळखणे : संगणकाच्या पडद्याचा इतिहास

आपल्या दर्शनांत स्मृती आणि प्रत्यभिज्ञा असा एक भेद केलेला आहे. समोर नसलेली गोष्ट मनात आणणे ही स्मृती. समोरची गोष्ट 'ही तीच' म्हणून ओळखणे ही प्रत्यभिज्ञा. पूर्वी पाहिलेला देवदत्त आज रस्त्यात भेटतो आणि आपण म्हणतो, अरे, हा तोच देवदत्त! हे उदाहरण मी वर्गात वर्षानुवर्षं दिलं. संगणकाचा इतिहास समजून घेताना ते कामाला येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

आमच्या विभागात पहिला संगणक आला तेव्हा काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ, एवढंच दिसायचं. पुढे काय करायचं हे ती रेघ सांगत नसे. आज्ञा तुम्हाला आठवायला हवी, तीही अचूक. एक अक्षर चुकलं की उत्तर यायचं, 'बॅड कमांड ऑर फाइल नेम'. मी टेबलाच्या काचेखाली आज्ञांची यादी ठेवली होती. सगळा कारभार स्मृतीचा!

ग्राफिकल यूझर इंटरफेसने, म्हणजे चित्रमय पडद्याने, हा भार स्मृतीवरून काढून प्रत्यभिज्ञेवर टाकला. काय काय करता येईल ते मेनूत समोरच मांडलेलं असतं. आपण ओळखायचं आणि बोट ठेवायचं.

हे एका दिवसात घडलं नाही. १९६३ साली एमआयटीत आयव्हन सदरलंड यांनी 'स्केचपॅड'मध्ये प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर आकृत्या काढून दाखवल्या. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगेलबार्ट यांनी भर सभेत माउस चालवून दाखवला. आता गंमत बघा. एंगेलबार्ट यांना सोपेपणाची फारशी मातब्बरी नव्हती. त्यांना माणसाची बुद्धी समर्थ करायची होती. त्यासाठी शिकावं लागलं तर शिकावं. डाव्या हाताला त्यांनी पाच कळांची पट्टी दिली होती, तिच्यावर बोटं बसवायला चांगला सराव लागे.

सोपेपणाचा विचार रुजला तो पालो आल्टोच्या झेरॉक्स पार्क या संशोधनकेंद्रात. तिथले ॲलन के मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांच्याकडून एक गोष्ट शिकले: माणूस हाताने करून, चित्र पाहून आणि चिन्हं वापरून अशा तीन रीतींनी जाणतो. म्हणून हाताला माउस, डोळ्याला चित्र, आणि मग भाषा. १९७३ साली तिथे 'आल्टो' तयार झाला. १९८१ च्या झेरॉक्स 'स्टार'च्या पडद्यावर कागद आणि फोल्डर मांडलेलं टेबलच अवतरलं. पण किंमत १६,००० डॉलरच्या वर. १९८४ चा मॅकिंटॉश २,४९५ डॉलरला आला, आणि नव्वदच्या दशकात विंडोजने हा पडदा घरोघरी नेला.

इथवर मी खुशीत सांगत असे. एकदा एका माजी विद्यार्थ्याने मला थांबवलं. तो अंध आहे. म्हणाला, "सर, सोपं झालं, पण कुणाला?"

प्रश्न रास्त होता. जुन्या काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं असत. ती उचलून मोठ्याने वाचणारे प्रोग्राम होते, आणि अंध माणसं त्यांवर काम करत होती. चित्रमय पडद्यावर अक्षरसुद्धा ठिपक्यांचं चित्र झालं. वाचायचं काय? डोळसांसाठी दार उघडलं तेव्हाच यांच्यासाठी ते लागलं. १९८९ साली मॅकिंटॉशचा पडदा वाचणारा 'आउटस्पोकन' आला. पुढे २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने 'एनव्हीडीए'चं काम सुरू केलं. तो आजही मोफत मिळतो.

पण हे प्रोग्राम चालतात एका अटीवर. प्रत्येक चित्रामागे, प्रत्येक बटणामागे कुणीतरी त्याचं नाव लिहून ठेवायला हवं. रूप डोळ्यांसाठी, नाम कानांसाठी. ते लिहायला फार वेळ लागत नाही, तरी राहून जातं. मग माझ्या त्या विद्यार्थ्याला फोनवर नुसतं ऐकू येतं, 'बटण, बटण, बटण'. त्यातलं पैसे पाठवायचं कुठलं आणि रद्द करायचं कुठलं, हे त्याला पुन्हा पाठच करावं लागतं.