परिसरशिक्षण आणि राज्यशासन : महाराष्ट्रातील एका धोरणाचा इतिहास

१

शिक्षणाच्या एखाद्या शाखेस शासनाने कोणता आधार दिला, ह्या प्रश्नाचे उत्तर बहुधा कायदे, ठराव व अनुदाने ह्यांच्या क्रमवार नोंदीने दिले जाते. पर्यावरणशिक्षणाच्या बाबतीत ही रीत अपुरी पडते, असे वाटते. अंकगणिताचा पाठ वर्गाच्या चार भिंतींत पुरा होऊ शकतो. परंतु गावचा ओढा फाल्गुनातच का आटतो, हे शिकवावयाचे तर वर्ग ओढ्यावर न्यावा लागतो. त्यास वेळ लागतो, वरिष्ठांची अनुमती लागते, आणि तो ओढा ठाऊक असलेला शिक्षक लागतो. यास्तव ह्या विषयाच्या इतिहासकाराने प्रश्न थोडा निराळ्या रीतीने विचारावयास हवा. शासनाने आधार दिला तो आदेशाला, पुस्तकाला, की वर्गाबाहेर पडणाऱ्या शिक्षकाला?

प्रस्तुत लेखात मुंबई इलाखा आणि त्याच्या मराठी भागास पुढे ज्यात स्थान मिळाले ते महाराष्ट्र राज्य, ह्यांच्यापुरता हा प्रश्न तपासावयाचा आहे. प्रांतिक शासनाची ह्या क्षेत्रातील सत्ता सदैव एकसारखी नव्हती, हे आरंभीच ध्यानात ठेवले पाहिजे. १९१९ च्या सुधारणांन्वये शिक्षण हा विषय प्रांतिक मंत्र्यांच्या हाती आला. १९५० च्या राज्यघटनेने तो राज्यसूचीत ठेवला. आणि १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला. ह्याच दुरुस्तीने वने आणि वन्य प्राण्यांचे संरक्षण हे विषयही समवर्ती सूचीत नेले. पर्यावरणशिक्षणाशी निगडित असे दोन्ही प्रांत एकाच वेळी केंद्र व राज्य ह्यांच्या सामायिक अधिकारात आले, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

२

ह्या शिक्षणाचे बीज 'पर्यावरण' हा शब्द प्रचारात येण्यापूर्वीच पडले होते. १९०४ साली हिंदुस्थान सरकारने शिक्षणविषयक धोरणाचा जो ठराव प्रसिद्ध केला, त्यात ग्रामीण शाळांचे प्रयोजन मुलांना शेतीचा धंदा शिकविणे हे नसून त्यांना निरीक्षण करणारे व विचार करणारे बनविणे हे होय, अशा आशयाचे प्रतिपादन आहे. निसर्गनिरीक्षण, वस्तुपाठ आणि शाळेची बाग ह्या कल्पनांना त्या काळी अधिकृत प्रतिष्ठा लाभली. 'वस्तुपाठ' ह्या शब्दाचा आज मराठीत 'आदर्श उदाहरण' असा अर्थ रूढ झाला आहे. मूळचा अर्थ मात्र अगदी साधा होता : प्रत्यक्ष वस्तू हाती देऊन दिलेला पाठ. शब्दाचा हा प्रवास बोलका आहे.

त्याच परंपरेत मराठी शाळेतील जिल्ह्याच्या भूगोलाची गणना करता येईल. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, ह्या अध्यापनतत्त्वास अनुसरून लहान मुलास प्रथम आपला जिल्हा, त्यातील नद्या, घाट, पिके व बाजारपेठा शिकवाव्या, अशी ही योजना होती. तिचा हेतू उत्तम होता. तथापि, दिपोटीसाहेबांच्या तपासणीत नद्यांची नावे धडाधड म्हणणारा मुलगा हुशार ठरे; नदीवर गेलेल्या मुलाची परीक्षा घेण्याची सोय त्या पद्धतीत नव्हती.

१९३७ साली ह्या विचारास निराळे वळण मिळाले. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात वर्धा येथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला. ज्ञान हे तीन केंद्रांशी जोडलेले असावे, असे त्या समितीचे सूत्र होते : हस्तोद्योग, भौतिक परिसर आणि सामाजिक परिसर. परिसर हा येथे स्वतंत्र विषय नव्हता. सर्व विषय ज्यातून उगवावेत अशी ती भूमी होती. मुंबई प्रांतात त्याच वर्षी अधिकारारूढ झालेल्या बाळासाहेब खेर ह्यांच्या मंत्रिमंडळाने ही योजना स्वीकारली आणि निवडक शाळांतून तिचा प्रयोग सुरू केला. मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळाने ह्या योजनेच्या विचारार्थ नेमलेल्या समित्यांचे अध्यक्षपदही खेर ह्यांजकडेच होते.

मात्र तत्त्व आणि वेळापत्रक ह्यांत अंतर होते. समितीने सुचविलेल्या साडेपाच तासांच्या शालेय दिवसात मूलोद्योगास तीन तास वीस मिनिटे होती. समाजशास्त्र व सामान्य विज्ञान ह्या दोहोंस मिळून अवघा अर्धा तास होता. उद्योगातूनच निसर्गाचे ज्ञान व्हावे, ही अपेक्षा त्यामागे होती. ज्या शिक्षकास टकळी व परिसर ह्यांचा मेळ घालता आला त्याच्या हाती ती सफल झाली असेल. इतरत्र सूतकताईच उरली. १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रयोगाच्या पाठीशी असलेला राजकीय आधार नाहीसा झाला.

३

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाच्या आधाराची तीन स्वतंत्र अंगे दिसू लागतात. पहिले अंग उत्सवाचे. १९५० साली केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी ह्यांनी वनमहोत्सव सुरू केला आणि जुलैच्या आरंभी शाळेच्या आवारात रोप लावणे हा शालेय वर्षाचा भाग बनला. दुसरे अंग पुस्तकाचे. १९५६ पूर्वी विदर्भ मध्य प्रदेशात, मराठवाडा हैदराबाद राज्यात आणि पश्चिम महाराष्ट्र मुंबई राज्यात होता. साहजिकच तिन्ही भागांच्या शालेय परंपरा भिन्न होत्या. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर त्यांचे एकीकरण करणे प्राप्त होते. २७ जानेवारी १९६७ रोजी पुणे येथे पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजेच 'बालभारती', स्थापन झाले. तिसरे अंग प्रशासनाचे. १९६१ च्या कायद्यान्वये पुढील वर्षी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. पुस्तक एका संस्थेचे व शिक्षक दुसऱ्या संस्थेचा, अशी विभागणी येथून सुरू होते.

ह्याच कालखंडात शासकीय चौकटीबाहेर घडलेल्या एका प्रयोगाची नोंद येथे केल्यावाचून राहवत नाही. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे सुरू केलेले ग्राम बाल शिक्षा केंद्र पुढे कोसबाड येथे गेले. तेथे त्यांनी व अनुताई वाघ ह्यांनी वारली समाजातील मुलांकरिता 'कुरणशाळा' चालविली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळेनेच कुरणावर जावे, असा हा सरळ विचार होता. परिसराच्या शिक्षणाची ह्याहून मूलगामी कल्पना महाराष्ट्रात क्वचितच कोणी केली असेल. कोसबाडचा गौरव पुष्कळ झाला. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषणही मिळाले. परंतु ज्या ठिकाणी मुले आहेत त्या ठिकाणी वर्ग भरविण्याची मुभा सर्वसामान्य मराठी शाळेच्या नियमांत उतरली नाही. शासनाने प्रयोगाचा सन्मान केला, पद्धती स्वीकारली नाही.

४

१९७२ च्या स्टॉकहोम परिषदेनंतर 'पर्यावरण' हा शब्द शासनव्यवहारात रुळू लागला. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४८-क अन्वये पर्यावरणाचे रक्षण हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व ठरले आणि अनुच्छेद ५१-क अन्वये ते नागरिकाचे कर्तव्य ठरले. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पर्यावरणरक्षणाचा समावेश समान गाभाघटकांत केला. हिंदीत प्राथमिक स्तरावरील ह्या विषयास 'पर्यावरण अध्ययन' म्हणतात. महाराष्ट्राने मात्र 'परिसर अभ्यास' हे नाव चालविले. हा भेद केवळ शब्दाचा नाही. पर्यावरण म्हटले की संकट व संरक्षण डोळ्यांपुढे येते. परिसर म्हटले की अंगण, ओढा, शेत व शेजार.

'परिसर अभ्यास' ह्या नावाची व्याप्तीही पाहण्यासारखी आहे. राज्याच्या अलीकडील पाठ्यपुस्तकमालेत तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हावार स्वतंत्र निघाले, आणि चौथीच्या परिसर अभ्यासाचा दुसरा भाग म्हणजे शिवचरित्र होय. शिवछत्रपतींचा इतिहास परिसरात कसा, असा प्रश्न परक्यास पडेल. परंतु भौतिक व सामाजिक परिसर ही वर्धा योजनेतील जोडी आठवली, तर त्यात विसंगती दिसणार नाही. किल्ला, डोंगर आणि तेथील माणसे ह्यांचा इतिहास हाही परिसरच. जिल्हावार पुस्तक काढणे हे खर्चाचे व कष्टाचे काम आहे. ते शासकीय संस्थेने केले, ही ह्या इतिहासातील भरीव जमेची बाजू मानावी लागेल. भेद इतकाच की, जिल्हा हा प्रशासनाचा घटक आहे, मुलाच्या अनुभवाचा नव्हे. एकाच पुणे जिल्ह्यात मावळातील भातखाचरे आहेत आणि इंदापूरकडील कोरडवाहू रानेही आहेत. पुस्तक शिक्षकास जिल्ह्यापर्यंत आणून सोडते. तेथून गावापर्यंतचा रस्ता त्याने स्वतः चालावयाचा असतो.

५

पर्यावरणशिक्षण सक्तीचे झाले ते राज्यांच्या पुढाकाराने नव्हे, तर न्यायालयाच्या आदेशाने. एम. सी. मेहता ह्यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य शासनांना व शिक्षण मंडळांना हा विषय शाळांतून श्रेणीबद्ध रीतीने सक्तीचा करण्यास सांगितले आणि विद्यापीठ अनुदान आयोगास महाविद्यालयीन अभ्यासक्रमाचा विचार करण्यास फर्माविले. अंमलबजावणी मंदगतीने होत असल्याचे दिसल्यावर २००३ साली न्यायालयास पुन्हा आदेश द्यावे लागले. आदेशावर आदेश लागावा, ह्यातच राज्यांच्या उत्साहाचे मोजमाप आहे.

महाविद्यालयांसाठी आयोगाने पदवीच्या सर्व शाखांकरिता सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम तयार केला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. इराच भरुचा ह्यांनी लिहिले. त्या आराखड्यात एकंदर पन्नास व्याख्यानांपैकी पाच व्याख्यानांइतका वेळ क्षेत्रकार्यास दिला होता, आणि शंभरांपैकी पंचवीस गुण त्यास राखून ठेविले होते. गुणांत चौथा हिस्सा, वेळात दहावा हिस्सा! एका वर्गात शंभरांहून अधिक विद्यार्थी असतील, तर पाच तासांत त्यांना नदीकाठी नेऊन आणणे दुर्घट. गुण मात्र द्यावयाचेच. मग क्षेत्रकार्याची जागा एकमेकांच्या वह्यांवरून उतरविलेल्या प्रकल्पाने घेतली, तर दोष विद्यार्थ्यास किती द्यावयाचा?

शाळांकरिता २००१–०२ पासून केंद्राने राष्ट्रीय हरित सेनेची योजना आणली. महाराष्ट्रात ती सामाजिक वनीकरण विभागामार्फत राबविण्यात आली. पुढे २०१६ ते २०१९ ह्या काळात राज्याने वृक्षलागवडीची मोठी मोहीम घेतली. तिची वार्षिक उद्दिष्टे दोन कोटींपासून तेहतीस कोटींपर्यंत चढत गेली आणि शाळांनाही तीत सहभागी करून घेण्यात आले. त्यानंतर पाण्याच्या प्रश्नाची निकड ओळखून राज्याने माध्यमिक स्तरावर 'जलसुरक्षा' आणि अकरावी-बारावीस 'पर्यावरणशिक्षण व जलसुरक्षा' असे विषय आणले. अवर्षणाचा अनुभव असलेल्या राज्याने अभ्यासक्रमात पाण्यास नावानिशी स्थान द्यावे, हे उचितच होय.

ह्या सर्व योजना एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे प्राथमिक शिक्षकाची स्थिती स्पष्ट होते. त्याची नेमणूक जिल्हा परिषदेची, पुस्तक पुण्याच्या मंडळाचे, रोपे वनीकरण विभागाची, निधी बहुधा केंद्राच्या योजनेचा आणि सक्ती न्यायालयाची. प्रत्येक यंत्रणा आपापला अहवाल मागते : किती पुस्तके पोचली, किती रोपे लागली, किती विद्यार्थी बसले. मुलांना घेऊन एक दुपार ओढ्यावर काढली, ह्याची नोंद करण्यास कोणत्याही अहवालात रकाना नाही.

६

ह्या इतिहासावरून शासनाने काहीच केले नाही असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. शासनाच्या आधारावाचून हा विषय दुर्गम पाड्यावरील शाळेत पोचलाच नसता. स्वयंसेवी संस्थांचा हात तेथवर क्वचितच जातो. आमचे म्हणणे एवढेच की, १९०४ पासून आजवर शासनाचा आधार जे मोजता येते त्याला मिळत गेला, आणि ह्या शिक्षणाचा गाभा मात्र न मोजता येणाऱ्या भागात राहिला. निरीक्षण शिकवावे असे प्रत्येक पिढीच्या धोरणात लिहिले गेले. तपासले गेले ते पाठांतर.

ह्यावरचा उपाय नव्या विषयाची भर घालणे हा नसावा. वेळापत्रकात आठवड्याची एक दुपार मोकळी ठेवणे, त्या दुपारचे शिक्षकाने केलेले साधे टिपण अधिकृत काम म्हणून स्वीकारणे, आणि शिक्षकाची बदली होताना ते टिपणवही शाळेतच राहील अशी व्यवस्था करणे, एवढे राज्य शासनाच्या अधिकारात निश्चित आहे. अशा वह्या दहा वर्षे साठल्या, तर गावोगावच्या विहिरींचे, झाडांचे व पाखरांचे जे ज्ञान हाती येईल ते कोणत्याही मध्यवर्ती पुस्तकात मावणारे नाही.

संशोधकांसही येथे एक काम आहे. परिपत्रकांवरून हा इतिहास एका मर्यादेपर्यंतच लिहिता येतो. त्यापुढचा भाग जुन्या शाळांच्या शेरेबुकांत व दैनिकांत आहे. कोणत्या गुरुजींनी मुलांना कोठे नेले आणि तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने त्यावर काय शेरा मारला, हे तेथेच सापडेल. ही दप्तरे वाळवी व ओल ह्यांच्या तोंडी जाण्यापूर्वी जिल्हावार पाहिली जावीत. शासनाने शिक्षकाच्या पाठीवर हात ठेवला की केवळ त्याच्या पुढ्यात कागद ठेवला, ह्याचा निवाडा त्या शेऱ्यांवरूनच करता येईल.